आरशाची वळलेली कड आणि २८० अक्षरं

दुर्बिणीचा आरसा हाताने घासायला घेतला, तो १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा. आधी दुसऱ्या एका काचेवर भरड कार्बोरंडम (काच झिजवणारी कठीण पूड), मग टप्प्याटप्प्याने बारीक पूड, आणि शेवटी लॅपवर, म्हणजे पिच या डांबरासारख्या पदार्थाचा थर दिलेल्या तबकडीवर, सेरियम ऑक्साइडच्या पुडीने पॉलिश. काच चकचकीत झाल्यावर आरशाचा आकार तपासणारी फूको चाचणी लावली. १८५८ साली लेओं फूको यांनी मांडलेली ही पद्धत आजही घरच्या घरी करता येते. आरशापासून २४०० मिलिमीटरवर प्रकाशाचा एक बारीक ठिपका ठेवायचा, परत येणारा प्रकाश ब्लेडच्या धारेने हळूहळू अडवायचा आणि आरशावर पडणारी सावली बघायची. कड चांगली असेल तर आरशाभोवती दोन्ही बाजूंना एक बारीक तेजस्वी रेषा दिसते. माझ्या आरशावर ती एकाच बाजूला होती. म्हणजे कड खाली वळलेली, काठाशी काच हवी त्यापेक्षा जास्त झिजलेली.

या छंदात हा आजार अगदी नेहमीचा. वळलेला पट्टा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, पण तिथून येणारा प्रकाश नाभीशी जुळत नाही, पसरतो आणि ग्रहांवरचे बारीक तपशील पुसून टाकतो. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग साधारण ७० नॅनोमीटरच्या आत अचूक असावा लागतो, त्यामुळे 'चालेल एवढं' म्हणून सोडून देता येत नाही.

छोट्या पोस्टच्या ज्या साइटवर आरसे घासणारी मंडळी जमतात, तिथे मी फोटो टाकला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. उत्तरं भराभर आली. पिच घट्ट कर. स्ट्रोक, म्हणजे आरसा पुढेमागे सरकवण्याचा पल्ला, आखूड ठेव. दाब कमी कर. खोलीचं तापमान बघ. लिहिणारे सगळे अनुभवी होते आणि यातला एकही सल्ला खोटा नव्हता. पिच मऊ असेल तर ते कडेभोवती वर चढतं आणि तिथली काच जास्त खातं. लांब स्ट्रोकमध्ये आरसा लॅपच्या बाहेर लटकतो आणि कडेवर दाब येतो. प्रत्येकाने आपापल्या आरशावर जे घडलं तेच सांगितलं होतं. माझ्या आरशावर काय घडलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण तेवढं सांगायला त्या पोस्टमध्ये जागाच नव्हती.

मी सुचवलेलं एकेक करून पाहिलं. पिच घट्ट केलं, स्ट्रोक आखूड केले. कड होती तिथेच. नवा फोटो टाकला की नवी माणसं यायची आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सल्ले. आधीची चर्चा तोवर खाली वाहून गेलेली असायची. आरशाचं काम महिनोन्महिने चालतं, पण अशा ठिकाणी एखादी गोष्ट जेमतेम एक-दोन दिवस लोकांसमोर राहते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, आणि अक्षरांची मर्यादा ही तिची फक्त दिसणारी बाजू.

ती मर्यादा आली कुठून, हे मात्र जाणून घेण्यासारखं आहे. २००६ साली ट्विटर (आताचं एक्स) सुरू झालं ते फोनच्या एसएमएसवर. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. त्यातली २० वापरकर्त्याच्या नावासाठी राखून १४० उरली. २०१७ साली ती २८० झाली. अशाच दुसऱ्या साइटपैकी मॅस्टोडॉनवर सहसा ५०० मिळतात, ब्लूस्कायवर ३००. मराठीत लिहिणाऱ्याला ट्विटरची मर्यादा आणखी लवकर जाणवते, कारण तिथे काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं.

यावर उपाय म्हणून लोक थ्रेड, म्हणजे एकीला एक जोडलेल्या पोस्टची माळ, लिहितात. मीही लिहिला. पण थ्रेडमधली प्रत्येक पोस्ट सुटी फिरते. कुणीतरी आधीच्या पोस्टमध्ये 'खोली गरम असेल तर' अशी अट घातलेली असते आणि पुढच्या पोस्टमध्ये 'पिच घट्ट करा' असं लिहिलेलं असतं. शेअर होते ती दुसरी. अट मागे राहते आणि सल्ला एकटाच गावभर हिंडतो. आरशाला शेवटी पॅराबोलाचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणणारा, आकार देण्यावर एका जाणकाराने लिहिलेला फार सुंदर थ्रेड माझ्याजवळ खूण करून ठेवलेला होता. त्यांनी खातं बंद केलं आणि तो गेला. खाली लोकांनी विचारलेले प्रश्न तेवढे उरले, ज्यांची उत्तरं आता कुठेच नाहीत. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

शेवटी मी माझी कामाची वही उघडली आणि सगळं क्रमाने एका डॉक्युमेंटमध्ये उतरवलं: कुठली पूड किती वेळ, आरसा वर होता की लॅप, स्ट्रोक किती लांब, पिच कुठलं, प्रत्येक टप्प्यानंतर काच कशी दिसली. आधी उत्तर देणाऱ्यांपैकी एकांना ते ईमेलने पाठवलं आणि सवडीने वाचा म्हणून विनंती केली. बऱ्याच दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, आणि त्यात आधी सल्ला नव्हता, प्रश्न होता. पॉलिश करताना काचेचा मातकट करडेपणा सर्वांत शेवटी कुठून गेला, मधून की कडेवरून?

वहीत नोंद होती. कडेवरून.

मग त्यांनी सविस्तर समजावलं. पॉलिशमुळे कड वळली असती तर ती आधी इतर भागाबरोबर नीट चमकली असती आणि नंतर बिघडली असती. करडेपणा कडेवर शेवटपर्यंत टिकला, याचा अर्थ लॅप तिथे पुरेसा टेकतच नव्हता. कड बारीक घासाईच्या टप्प्यावरच खाली गेलेली होती. पिच आणि स्ट्रोक यांच्याशी कितीही झटलो असतो तरी ती तशीच राहिली असती. ४०० नंबरच्या पुडीपर्यंत मागे जा, आखूड स्ट्रोकने आरसा आणि तो ज्यावर घासला ती काच, या दोन्ही कडेपर्यंत एकमेकींना भिडेपर्यंत घासा, मग पुढे चला. मी तसंच केलं. पुन्हा पॉलिश झाल्यावर ब्लेड सरकवलं, तेव्हा तेजस्वी रेषा दोन्ही बाजूंना होती.

छोट्या पोस्टचा मला राग नाही. घरी आरसा घासता येतो हे मला कळलं ते तिथल्याच एका फोटोमुळे, आणि ज्यांनी माझं कोडं सोडवलं तेही तिथेच भेटले. माणसं जोडायला ती जागा उत्तम आहे. जोडलेल्या माणसांनी शिकलेलं साठवायला मात्र दुसरी जागा हवी.

म्हणून आम्ही काहीजण मिळून आता एक सामायिक डॉक्युमेंट चालवतो. रचना लक्षणांनुसार आहे: कड वळली, मध्ये खड्डा पडला, चरे आले. प्रत्येक नोंदीत आधी आरशाचा पूर्ण इतिहास, मग काय केलं, मग काय झालं. ज्यांचे सल्ले फक्त छोट्या पोस्टमध्ये होते त्यांना विचारून, त्यांच्या अटींसकट ते इथे आणतो. उपाय लागू पडला नाही, तीही नोंद राहते. साइटवर अजूनही कुणी वळलेल्या कडेचा फोटो टाकला की मी एवढंच विचारतो, करडेपणा शेवटी कुठून गेला, आणि डॉक्युमेंटचा दुवा देतो. काच आधारावर कशी ठेवावी, म्हणजे ती वाकून दृष्टिवैषम्य (तारा ठिपक्याऐवजी लांबट दिसण्याचा दोष) येणार नाही, यावर दोन सदस्यांचे अनुभव एकमेकांच्या उलट आहेत. दोन्ही पूर्ण लिहून ठेवलेत. तिसऱ्या कुणाचा आरसा या अवस्थेला आला असेल, तर त्याची नोंद आम्हाला हवी आहे.