बी परत पिशवीत टाका

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा शाळेतून निरोप आला तेव्हा मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी नळ्या लावत होते. रॅकमध्ये नळ्या आणि त्यांच्या मागे काळ्या रेघांचा कागद. नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या की काळजी नाही. नळी गढूळ झाली, रेघा झाकल्या गेल्या, की त्या माणसाला पुढच्या तपासणीसाठी थांबवायचं. पंचवीसहून जास्त वर्षं मी हे काम करते आहे. त्यातलं यंत्र आणि रसायन मला नागपूरच्या शिक्षणाने दिलं. त्याचा अर्थ मात्र मी आपल्या शाळेत शिकले, दहावीच्या वर्गात, विज्ञानाच्या बाईंकडून. तोही चिंचोक्यांवरून.

१९९३ सालची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातल्या आपल्या शाळेची प्रयोगशाळा तेव्हा म्हणजे एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात एकच सूक्ष्मदर्शक. ‘आनुवंशिकता’ हा धडा बाईंनी पुस्तक न उघडता सुरू केला. खिडकीत पाण्याने भरलेल्या ग्लासवर एक कांदा ठेवला, बुडखा पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत त्याला पांढरी मुळं फुटली. मुळांची टोकं कापून, लाल रंगात बुडवून, काचपट्टीवर ठेवून वरून अंगठ्याने दाबायची. तो लाल रंग बाईंनी कुठल्याशा कॉलेजातून लहान बाटलीत मागून आणला होता आणि आम्ही तो थेंबाथेंबाने पुरवला.

रांगेत उभं राहून माझी पाळी आली. बहुतेक पेशींत नुसता एक गोल ठिपका दिसत होता. एका पेशीत मात्र त्या ठिपक्याचे दोरे झाले होते आणि ते दोन टोकांकडे ओढले जात होते, जणू कुणी दोन्ही बाजूंनी धरलं आहे. मी डोळा काढेना म्हणून मागच्या मुली ओरडल्या. “ही गुणसूत्रं,” बाई म्हणाल्या. “कांद्याची १६. आपल्या बांधीतल्या धानाची २४. तुमची-माझी ४६.” जास्त गुणसूत्रं म्हणजे जास्त हुशार का, असं कुणीतरी विचारलं. त्यावर बाईंनी बटाट्याची ४८ असतात असं सांगितलं आणि वर्ग गप्प झाला. माणसाचीही ४८ असतात असं शास्त्रज्ञ अनेक वर्षं मानत होते. १९५६ साली त्जिओ आणि लेवान या दोघांनी नीट मोजून ४६ हा आकडा पक्का केला, हे मी पुढे वाचलं. काचपट्टीवर नीट दाबलेली पेशी मिळणं किती कठीण असतं ते माझ्या अंगठ्याला माहीत आहे, त्यामुळे त्या चुकीबद्दल मला कधी नवल वाटलं नाही.

गुणसूत्र म्हणजे गुंडाळून ठेवलेला डीएनए. माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए उलगडला तर साधारण दोन मीटर भरतो आणि तो डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो, कारण टकळीवर सूत गुंडाळावं तसा तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्यात चारच अक्षरं, ए, टी, जी आणि सी. दोन पेडांपैकी एकावर ए असेल तर समोर टीच, जी असेल तर समोर सीच. म्हणून एक पेड हाती असला की दुसरा तयार करता येतो, आणि पेशी दुभंगताना नेमकं हेच होतं. माणसाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यातल्या ज्या तुकड्यांत काही बनवण्याची कृती लिहिलेली असते त्यांना आपण जनुक म्हणतो.

आता चिंचोके. बाईंनी घरून पिशवीभर चिंचोके आणले. शाळेच्या रंगकामातून उरलेला रंग होता, त्याने अर्धे पांढरे आणि अर्धे लाल केले. कापडाच्या लहान पिशव्यांत प्रत्येकी दोन, एक पांढरा आणि एक लाल. दोघादोघांच्या जोड्या. एक पिशवी आईची, एक बापाची. न बघता दोन्हींतून एकेक काढायचा, वहीत लिहायचं, आणि चिंचोका परत पिशवीत टाकायचा. आई-बापाकडे प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते आणि मुलाला प्रत्येकाकडून त्या जोडीतलं एकच मिळतं, ही गोष्ट आम्ही पाठ न करता हातांनी शिकलो.

चाळीस पोरं आणि प्रत्येक जोडीने वीस वेळा काढायचं, म्हणजे ४०० वेळा. दोन्ही लाल किती आले? शंभराच्या आसपास, बरोब्बर शंभर नाही. मग बाईंनी, वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचे आकडे फळ्यावर लिहिले: गोल वाटाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०. त्यालाही बरोब्बर तीनास एक मिळाले नव्हते, पण खूप मोजल्यावर तो तिथेच पोचला. एका जोडीची वही मात्र वेगळी निघाली. त्यांच्यात पांढरे-पांढरे, मग लगेच लाल-लाल. पांढरा-लाल, मग लाल-पांढरा, असं आरशात पाहावं तसं उलटसुलट येत होतं. ते चिंचोके परत टाकत नव्हते. पिशवीत दुसऱ्या खेपेला एकच उरत होता, मग तोच येणार! बाईंनी त्यांची अख्खी वही खोडायला लावली. “बी परत पिशवीत टाका. प्रत्येक मूल नव्याने जन्माला येतं, आधीच्या भावंडाचं उरलेलं घेऊन येत नाही.” आणखी एका जोडीला लागोपाठ तीनदा लाल-लाल आलं. त्यांनी काही चूक केली नव्हती. तेही होतं, असं बाई म्हणाल्या.

माझा धाकटा भाऊ तेव्हा आठवीत होता. पावसाळ्यात आणि थंडीत त्याचे हातपाय असे दुखायचे की तो रात्रभर ओरडायचा. खेळाच्या तासाला बसून राहायचा म्हणून कामचुकार ठरला होता. घरी आजी म्हणायची, देवीचं काहीतरी राहिलं आहे. कोंबडं झालं, दोरा झाला. एकदा प्रार्थनेच्या वेळी बाईंनी त्याची पापणी खाली ओढून डोळा पाहिला. पिवळा होता. त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, याला नागपूरला न्या, रक्त तपासून घ्या, मी चिठ्ठी देते.

तपासणीत सिकलसेल निघाला. एसएस, म्हणजे दोन्ही चिंचोके लाल. आई एएस, बाबा एएस, एक पांढरा आणि एक लाल. म्हणजे दोघेही वाहक, दोघांनाही त्रास काहीच नाही.

कागदावर दोघांचं नाव होतं तरी घरात दोष एकट्या आईला लागला. “तुह्या माहेरचंच रक्त असं,” आजी म्हणाली, आणि ते ती रोज म्हणू लागली. आई ऐकून घ्यायची. मी दहावीची पोर, मला धडा येत होता आणि तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेवटी मी बाईंकडे जाऊन रडले. रविवारी त्या पुन्हा आल्या, त्याच दोन पिशव्या घेऊन. ओसरीवर बसल्या. आजीला म्हणाल्या, “आजी, ही पिशवी सुनेची, ही तुमच्या लेकाची. तुम्हीच काढा.” आजीने काढले. सुनेच्या पिशवीतून पांढरा, लेकाच्या पिशवीतून लाल. परत टाकून पुन्हा काढले. पाच-सहा वेळा झाल्यावर एकदा दोन्ही लाल आले. आजी तो लाल चिंचोका बोटांत फिरवत राहिली. मग विचारलं, “माह्या लेकाले हा कोनं देल्ला?” बाई म्हणाल्या, “तुम्ही नाही तर आजोबांनी. आणि तुम्हाला तुमच्या आई-बापांनी. कुणी जाणूनबुजून दिला नाही.” आजीने त्यानंतर आईच्या माहेराचं नाव त्या अर्थाने पुन्हा काढलं नाही. शाळेने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ही ओसरी सांगते.

पुढे प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यास करताना आम्ही विद्यार्थी एकमेकांच्या रक्तावर हात बसवत होतो. माझी नळी गढूळ झाली. नुसत्या त्या नळीवरून वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे पट्टे वेगळे करून पाहावे लागतात. ते केलं, दोन पट्टे आले. मी एएस. मला धक्का बसला नाही. बाबांच्या पिशवीत हात घातल्यासारखं वाटलं.

हा सगळा फेरफार एका अक्षराचा आहे. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा जनुक आहे. त्यात एका ठिकाणी जीएजी असायला हवं तिथे जीटीजी आहे. ए च्या जागी टी. तेवढ्याने १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. मग प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कांड्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एरवी १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून त्या वेदना. या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आणि काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो एकच बदललेला दुवा शोधून काढला. गावात समजावताना मी ‘ध’ चा ‘मा’ सांगते. आनंदीबाईंची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. फक्त एक जोडते, की हे अक्षर कुणी कपटाने बदललेलं नाही. उलट जिथे हिवताप माणसं मारत होता तिथे एक लाल चिंचोका असलेली मुलं त्यातून जास्त वाचली, आणि म्हणून तो पिढ्यान्पिढ्या टिकला. मलेरियाच्या आपल्या जिल्ह्यात हे सांगितलं की म्हातारी माणसं मान डोलावतात. ज्याने पणजोबांना तारलं तेच पणतूला दुखवतं आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

लग्नाच्या बाबतीत मात्र समजावणं कठीण जातं. आमच्याकडच्या गोंड कुटुंबांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत आणि एकाच देवांच्या गटात सोयरीक होत नाही. ‘देव वेगळे आहेत, मग भीती कशाची?’ असं मला विचारलं जातं. पण लाल चिंचोका देव पाहत नाही, गोत्रही पाहत नाही. इतर समाजांत मामाची मुलगी करायची चाल. आई वाहक असेल तर मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि त्याच्या मुलीची त्याच्या निम्मी. म्हणून मी म्हणते, पत्रिका पाहा, देव पाहा, जे पाहायचं ते पाहा, त्याच्यासोबत ही एक नळी पाहा. दोघांपैकी एक एए असेल, म्हणजे त्याचे दोन्ही चिंचोके पांढरे असतील, तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही, फार तर ते वाहक होईल. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते ते सांगता येणार नाही. मुलीचं सिकलसेल तपासणीचं कार्ड पाहून सोयरीक मोडल्याचं कानावर आलं की मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. मुलाचं कार्ड कुणी मागितलेलंच नसतं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्य. त्यामुळे नळ्या वाढल्या आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण नळीनंतर समोर बसून बोलायला माणूस लागतं. मागे एक बाई आली, पहिला मुलगा एसएस, पुन्हा दिवस गेलेले. कुणीतरी तिला ‘चारात एक’ एवढंच सांगून पाठवलं होतं. ती निश्चिंत होती. “मॅडम, एक झाला ना बिमार. आता तीन तं चांगलेच होतीन ना?” मी टेबलाच्या खणातून दोन पिशव्या काढल्या. हो, मी त्या ठेवते. चिंचोका काढून परत टाकताना तिचा हात थांबला आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला समजलं आहे. तिला वेळेत गर्भाच्या तपासणीसाठी नागपूरला पाठवता आलं.

भाऊ आज किराण्याचं दुकान चालवतो. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दुखणं पुष्कळ आटोक्यात आहे. पाणी भरपूर पितो, थंडीत जपतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि मग अमेरिकेने जनुकात फेरफार करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली, ती बातमी त्यानेच मला दाखवली. मी त्याला समजावलं की त्यात ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी काढून दुसऱ्याच एका जनुकाला कात्री लावतात, म्हणजे पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि पेशी वाकायची थांबते. खर्च आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा. तो म्हणाला, “पोरीला तर लागणार नाही ना?” नाही. त्याने लग्नाआधी तपासणी करून घेतली होती, वहिनी एए आहे. त्याच्या पिशवीत दोन्ही लाल, तिच्या पिशवीत दोन्ही पांढरे. मुलं सगळी वाहक, आजारी एकही नाही.

ती पोर आता आपल्याच शाळेत नववीत आहे. गेल्या डिसेंबरमध्ये सिकलसेल सप्ताहात आम्ही शाळेत तपासणी शिबिर घेतलं तेव्हा तिने वर्गासमोर सांगितलं, “मी वाहक आहे, माझे बाबा रुग्ण आहेत,” जितक्या सहज आपण रक्तगट सांगतो तितक्या सहज. माझ्या आईला हे ऐकायला हवं होतं.

त्या रात्री मी बाईंना फोन केला. सत्तरी ओलांडली आहे त्यांनी, ऐकू कमी येतं. शिबिर झालं, मुलांना पिशव्या दिल्या, चिंचोके काढायला लावले, असं मोठ्याने सांगितलं. त्या जरा वेळ थांबल्या.

“परत टाकत होती ना गं पोरं?”

“टाकत होती, बाई. मी उभी होते.”