पॅसिफिकची बेटं: फिजीच धरा, पण जेवणाचा रेट आधी विचारा

जळगाव-धुळ्याकडच्या माणसाने पॅसिफिकला पहिल्यांदा जायचं तर सरळ फिजी धरावं, माझं मत पक्कं आहे. बोराबोरा फोटोत जबरदस्त दिसतं पण ते फ्रेंच पॉलिनेशियात, तिथे युरोपचा साधा टुरिस्ट शेंगेन व्हिसा चालत नाही, वेगळा व्हिसा काढा, आणि पाण्यावरच्या त्या झोपड्यांचं भाडं ऐकूनच घाम फुटतो. हवाईला अमेरिकेचा व्हिसा. सामोआला व्हिसाची कटकट नाही पण पोचायला फिरून फिरून जावं लागतं. फिजीला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, सिंगापूरहून फिजीतल्या नांदी शहराला थेट विमान, दहाएक तास.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. एजंटने फिजीतल्याच यासावा बेटांवरचं रिसॉर्ट गळ्यात मारलं. रूमचा रेट कमी दाखवला आणि तिथे उतरल्यावर कळलं की मील प्लॅन, म्हणजे रिसॉर्टच्याच जेवणाचे रोजचे ठरलेले पैसे, कंपल्सरी. माणशी रोजचे शंभराच्या वर फिजी डॉलर! एक डॉलर तेव्हा साधारण 38 रुपयांचा, करा हिशोब, चौघांचं जेवण रूमच्या भाड्याच्या पुढे जातं. बाहेर खाऊ म्हणाल तर बाहेर काहीच नाही, दुकान नाही टपरी नाही, बराचसा किराणा मोठ्या बेटावरून बोटीने येतो, म्हणून महाग असणार हे मला मान्य आहे हो, पण मग बुकिंग करताना सांगायला काय झालं होतं? आणि एवढे पैसे घेऊन शाकाहारी माणसाच्या ताटात काय, तर उकडलेला कसावाचा कंद, सॅलड, पास्ता, परत पास्ता. आई तर शेवटी नुसत्या पपईवर राहिली. बिल तिचंही पूर्ण लावलं. ते मला अजून पचलेलं नाही.

बोटीचंही ऐका. नांदीजवळच्या देनाराऊ बंदरातून सकाळी निघते, यासावाच्या वरच्या टोकाला पोचायला पाचेक तास. बेटांना धक्का नाही, भर समुद्रात रिसॉर्टची छोटी बोट येऊन चिकटते आणि हलत्या बोटीतून हलत्या बोटीत उतरायचं. चाकाच्या बॅगा नेऊच नका, पाठीवरची सॅक न्या. उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या.

बाकी दिवस छान गेले, पाणी निळंशार, त्यावर काय लिहू.

मी तर सांगेन नांदीतच मुक्काम करा. तिथे रोटी-भाजी परवडणाऱ्या भावात मिळते, 1879 पासून भारतातून गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, ऊसमळ्यांत नेलेल्या लोकांची नातवंडं-पणतवंडं फिजी हिंदी बोलतात, हिंदीत भाव विचारता येतो भो, अजून काय पाहिजे! नांदीचा किनारा मात्र मातकट आहे, पोहायला मामानुथा बेटांवर सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, पहिलं बेट अर्ध्या तासावर आहे. मास्क-स्नॉर्कल घरून न्या. खायचं सामान नेलं तर अरायव्हल कार्डवर लिहा, लपवू नका.

नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन, जुलैत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शाळांना सुट्टी म्हणून रेट चढलेले. आपल्या पोरांच्या मेच्या सुट्टीत जा. आणि तरी यासावालाच जायचं असेल तर मील प्लॅन किती, लहान मुलांना किती, शाकाहारीला काय देणार, हे ॲडव्हान्स भरायच्या आधी मेलवर लेखी मागा.