कृष्णपुऱ्याहून रामबागेत

रविवार, रात्री साडेदहा

पहाटे साडेपाचला इंदूरच्या कृष्णपुरा छत्रीपाशी पोचले तेव्हा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. होळकरांच्या या समाधी-छत्र्यांवर सकाळचं ऊन तिरकं आलं की दगडातलं कोरीवकाम उठून दिसतं. तेच आज माझ्या फोटोग्राफीच्या वर्गातल्या अकरा जणांना दाखवायचं होतं. मग नऊला राजवाडा: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, एकाच इमारतीत दोन पोत.

खाली कान्ह नदी गढूळ होऊन चढलेली, पायऱ्या निसरड्या. एक मुलगा एसी गाडीतून थेट उतरला आणि त्याची लेन्स धुरकटली. तो रुमालाने पुसत बसला. थंड काचेवर दमट हवेचं पाणी धरतं, ते पुसून जात नाही. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेइतका होऊ द्यावा लागतो.

दोघे म्हणाले, तारीख बदला. मलाही क्षणभर तेच वाटलं. पण एक ताई देवासहून अंधारात निघून आल्या होत्या. त्यांना परत कसं पाठवायचं? रामबागेत मावशीला फोन लावला. "विचारतेस काय, घेऊन ये सगळ्यांना. फक्त ओल्या छत्र्या ओसरीवर ठेवा म्हणावं."

मावशीच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, उत्तरेकडची. ती तिथेच पाटावर भुट्टे किसायला बसली होती, अकरा जणांसाठी कीस करायचा म्हणून. ट्यूबलाइट बंद करायला सांगितली. सगळे कुरकुरले, अंधार आहे म्हणाले. पाच मिनिटं कुणी कॅमेरा उचलायचा नाही, एवढंच सांगितलं.

डोळे सरावले आणि मग दिसू लागलं. ढगांतून गाळून आलेला उजेड मावशीच्या कपाळावर, गालावर उतरत कानामागे विरत होता. सावलीला कडाच नाही. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरली तर अंधारातला गालही हळूच उजळला. खिडकीपासून दोन पावलं मागे बसवलं की चेहरा लगेच झाकोळायचा.

किसणारा हात फोटोत गोठवायचा तर शटर १/२५० सेकंद, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० लागत होता, फोटो दाणेदार. १/१५ ला ४०० पुरत होता. कोपर दाराच्या चौकटीला टेकवा, श्वास सोडताना बटण दाबा, म्हटलं. १/१५ त्यांना फार संथ वाटलं, तेव्हा जुन्या काळचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्याबद्दल सांगितलं. याच इंदुरात ते बांधकाम खात्यात आरेखक होते, १८७० च्या दशकात इथेच कॅमेऱ्याकडे वळले, तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. तेव्हा फोटो ज्यावर उमटायचा त्या रसायन लावलेल्या ओल्या काचपट्ट्यांना कित्येकदा काही सेकंद उजेड द्यावा लागे, आणि पट्टी वाळायच्या आत धुवावी लागे. हे ऐकल्यावर सगळे शांतपणे काम करू लागले.

देवासच्या ताईंचा फोटो मला सर्वांत आवडला. मावशीचा चेहरा स्थिर, स्पष्ट. किसणीवरचा हात नुसता पिवळसर धूर.

मावशीने स्क्रीन डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ पाहिली. म्हणाली, "आई अशीच दिसायची."

पुढच्या वर्गाचा कागद आत्ताच दुरुस्त केला. पहिला तास खिडकीपाशी, छत्री त्यानंतर. बाहेर लख्ख ऊन असलं तरी.