तुम्ही विचारलंत म्हणून: मागनं टाकलेला जॉब आधी कसा सुटतो?

बेळगावात आमच्या कॉलेजच्या क्लस्टरचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांचं, बघायला लागल्यापासून हा प्रश्न येतोच (जॉब म्हणजे त्यावर चालवायला टाकलेलं काम), कधी फोनवर, कधी दारात उभं राहून, "सर, मी सकाळी टाकलेला जॉब अजून पेंडिंगच, आणि तिनं दुपारी टाकलेला सुटला पण, असं कसं हो?" आवाजात रागापेक्षा वाईट वाटलेलंच जास्त असतं, म्हणून नीट सांगतो.

रांग कुणी मोडलेली नसते. खानापूर रोडवर एक मंगल कार्यालय आहे असं धरा, वर एक हॉल, खाली एक. मोठ्या लग्नाला दोन्ही पाहिजेत, पण खालचा पाचपर्यंत अडकलाय, वरचा सकाळपासून मोकळाच. अशात कुणी बारशाला हॉल मागितला आणि म्हणालं तीन तासात आवरतो, तर मॅनेजर वरचा देणारच की, लग्न कुठं खोळंबतंय? पण जो म्हणाला रात्रीपर्यंत लागेल त्याला नाही मिळणार, मग त्याचं बारसं दोन तासात का आटपेना. हॉलच्या जागी क्लस्टरची मशीन धरा, ह्याला बॅकफिल म्हणतात, 1995 च्या सुमारास अमेरिकेतल्या अर्गॉन लॅबमध्ये आयबीएमच्या एसपी मशीनसाठी हे बसवलं होतं, आज स्लर्ममध्ये, म्हणजे जॉबना मशीन वाटून देणाऱ्या शेड्युलर प्रोग्रॅममध्ये, डिफॉल्टच असतं.

आता तुमची स्क्रिप्ट, म्हणजे जॉब टाकायची फाइल, बघा. टाइम 7 दिवस लिहिलाय, जॉब चालतो 5 तास! निपाणीच्या एका मुलीचं अगदी हेच झालेलं, मित्राची स्क्रिप्ट तशीच उचललेली, आणि चार दिवस बिचारी वाट बघत बसली, मला खरंच वाईट वाटलं. शेड्युलरला तुमचा कोड कळत नाही हो, तुम्ही लिहिलेला आकडा तेवढा कळतो. पण फार कमीही लिहू नका, वेळ संपली की जॉब मारला जातो. सॅक्ट (sacct) कमांडनं मागच्या रनला किती तास लागले ते बघा आणि वर पाव हिस्सा जास्त धरा. मेमरीचंही तसंच.

फेअरशेअर, म्हणजे कुणी किती वापरलं त्याचा हिशोब, वेगळं, ह्या आठवड्यात भरपूर वापरलंत तर थोडं मागं जाणार, पण तो हिशोब झिजत जातो, डिफॉल्टला दर 7 दिवसांनी निम्मा.

आणि एक, पेंडिंग जॉब रद्द करून परत टाकू नका, इतका वेळ थांबल्याचं वजन जातं. एस-कंट्रोल अपडेट (scontrol update) कमांडनं त्याच जॉबची टाइमलिमिट कमी करा, ती तुमची तुम्हाला करता येते. वाढवायची असली तर माझ्याकडं या.