क्लच स्लिप होतोय? बाईकच्या क्लच प्लेटा बदलायच्या आधी हे बघा

ठाण्याजवळच्या येऊरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतं, आरपीएम (इंजिनाचे फेरे) वर जातो आणि गाडी आहे तिथेच रेंगाळते, म्हणजे क्लच स्लिप होतोय हे नक्की समजा. मेकॅनिक लगेच प्लेटा बदला म्हणतो, पण आधी क्लचची केबल बघा ना राव, त्याला पैसे लागत नाहीत! लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिमी ढिलाई हवीच, नाहीतर क्लच कायम थोडासा दाबलेलाच राहतो.

मग ऑइल. आपल्या बहुतेक जुन्या बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे कारचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर प्लेटा घसरू शकतात, डब्यावर जासो (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघूनच घ्या.

माझ्या गाडीत हे दोन्ही ठीक होतं म्हणून कव्हर खोललं, तर फ्रिक्शन प्लेटा (घर्षणाचा थर असलेल्या) झिजून पातळ झालेल्या, स्टीलच्या प्लेटा तापून निळ्या पडलेल्या, त्यातली एक काचेवर ठेवली तर चक्क डुगडुगत होती. अशी वाकडी प्लेट परत लावायचीच नाही. स्प्रिंगा पण दबून ढिल्या पडलेल्या म्हणून अख्खा सेटच बदलला. नव्या फ्रिक्शन प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवा, कोरड्या लावल्या तर जळू शकतात, आणि स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, ॲल्युमिनियमचे आटे फार लवकर जातात हो. कव्हरखालचं जुनं गॅस्केट नीट खरवडून नवीनच टाका आणि शेवटी केबलची ढिलाई परत सेट करा.