एक हात मोकळा

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक बाळ आहे. ते पान ४३ वर जन्माला येतं आणि पान ११२ पर्यंत एकदाही रडत नाही. मधल्या एकोणसत्तर पानांत त्याची आई एका जुन्या मित्राला लांबलचक पत्र लिहिते, नवऱ्याशी तीन दिवसांचा अबोला धरते, एकदा तर रात्रभर खिडकीशी बसून पाऊस बघते. बाळ आपलं पाळण्यात. त्याला कुणी पाजत नाही, त्याचं दुपटं कुणी बदलत नाही. हे हस्तलिखित संपादकाने वाचलं, मुद्रितशोधकाने दोनदा वाचलं, पुस्तक आल्यावर एका समीक्षणात ‘संसाराच्या बारीकसारीक तपशिलांवरील पकड’ अशी शाबासकीही मिळाली. त्या बाळाचं पुढे काय झालं, हे एकाही माणसाने विचारलं नाही.

अडीच महिन्यांपूर्वी मला मुलगा झाला. तिसऱ्या की चौथ्या रात्री, पावणेचारच्या सुमाराला, त्याला खांद्यावर टाकून मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. तो ढेकर देत नव्हता आणि मी बसू शकत नव्हतो. तेव्हा मला ते पान ४३ वरचं बाळ आठवलं. अंधारात, एकटाच, मी ओशाळलो.

तसा मी बेसावध नव्हतो. बाळ यायच्या आधी वाचन केलं होतं, वेळापत्रक आखलं होतं. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, असं वाचल्यावर मी मनातल्या मनात टाळी वाजवली होती. सतरा तास! एवढी शांतता तर मला ब्रह्मचारी असतानाही मिळाली नव्हती. कादंबरीचा पहिला खर्डा सहा महिन्यांत, असं मी बायकोला सांगूनही टाकलं. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी तेव्हा कौतुक समजलो.

हिशेब चुकला नव्हता. चिरंजीव खरोखरच तेवढे झोपतात. फक्त ती सगळी रक्कम चिल्लरीत मिळते. दर दोन-तीन तासांनी भूक, मग पाजणं, मग ढेकर, मग नुकत्याच बदललेल्या कपड्यांवर दूध, मग पुन्हा कपडे, आणि हे सगळं उरकून डोळा लागतो तोवर पुढच्या भुकेला तासभर उरलेला असतो. दिवस आणि रात्र वेगळे असतात हे शरीराला कळायलाही पहिले दोन-तीन महिने जातात. तोवर त्यांच्या लेखी दुपारचे तीन आणि रात्रीचे तीन यांत काहीच फरक नसतो. हळूहळू माझ्याही लेखी राहिला नाही.

या चिल्लरीत लिहायला काय हरकत आहे, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणायचो. लिहायला वेळ लागतो, हे तसं अर्धंच खरं. वेळ वीस मिनिटंही पुरतो. लागते ती तंद्री, आणि तंद्रीत शिरायच्या आधी मला पाऊण तासाची टंगळमंगळ लागते. कालची पानं वाचायची, एक स्वल्पविराम काढायचा, खिडकीत उभं राहायचं, तो स्वल्पविराम परत घालायचा. बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस काहीच करत नाहीये असं वाटतं, आणि त्याच काहीच-न-करण्याच्या तळाशी कुठेतरी पात्रं बोलायला लागतात. बाळ आल्यावर माझं लेखन लगेच गेलं नाही. आधी गेली ती टंगळमंगळ. आठवड्याभरात लेखनही तिच्या मागोमाग निघून गेलं.

सिरिल कॉनली नावाच्या इंग्रज समीक्षकाने १९३८ साली लिहून ठेवलं आहे की, दारातल्या बाबागाडीएवढा चांगल्या कलेचा काळाकुट्ट शत्रू दुसरा नाही. हे वाक्य मला इतकं पटलं, की मी रात्री ते बायकोला वाचून दाखवलं. ती पाजत होती. मान वर न करता म्हणाली, “आणि ती बाबागाडी ढकलत कोण होतं रे?”

मी जरा शोधलं. हे वाक्य लिहिलं तेव्हा कॉनली यांना मूलच नव्हतं. त्यांना पहिली मुलगी झाली ती १९६० साली. म्हणजे त्यांच्या दारात बाबागाडी यायला आणखी बावीस वर्षं होती. माझ्या पान ४३ वरच्या बाळासारखाच हा प्रकार. उलट ज्यांच्या घरात मुलं होती, त्यांच्या हकिकती वेगळ्याच निघाल्या. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन दोन मुलगे एकटीने वाढवत, नोकरी सांभाळत, पहाटे उजाडायच्या आत लिहीत. इंग्रज कादंबरीकार जे. जी. बॅलार्ड यांची पत्नी १९६४ मध्ये अचानक गेली. तीन मुलं त्यांनी एकट्याने वाढवली आणि मुलं शाळेत असायची तेवढ्या तासांत लिहिलं. हे वाचून मला स्फूर्ती मिळायला हवी होती. मला फक्त आणखी झोप आली. शिवाय आमच्या घरात रात्री चार वेळा उठून पाजतंय कोण, तर मी नव्हे. मी ढेकर काढणारा, दुपटी बदलणारा, पाणी आणून देणारा दुय्यम कर्मचारी. दुय्यम कर्मचाऱ्याने स्वतःच्या थकव्यावर लेख लिहावा, यात थोडा निर्लज्जपणा आहेच. तो मी करतो आहे, इतकंच.

माझ्या वाट्याला जी एक कामगिरी पूर्णपणे आली आहे ती म्हणजे झोपलेल्या बाळाला धरून बसणं. तिच्यात मी तरबेज झालो आहे. नवजात बाळ झोपेत एकदम खोल शिरत नाही. आधी उथळ झोप लागते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चुटचुट हलतात, श्वास वेडावाकडा चालतो. या वेळात त्याला खाली ठेवायला गेलात की संपलं. वीसेक मिनिटांनी अंग सैल पडतं. तेव्हा त्याचा हात दोन बोटांनी अलगद उचलायचा आणि सोडायचा. ओल्या फडक्यासारखा पडला तर पाळणा गाठायला हरकत नाही. पण तिथेही शेवटची वीतभर अंतराची परीक्षा असतेच. आधाराचा हात जरा लवकर निघाला की बाळाचे दोन्ही हात फटकन फाकतात आणि मग कशाला तरी मिठी मारावी तसे जवळ येतात. या दचकण्याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं. फांदीवरून सुटलेल्या पिल्लाने आईला घट्ट धरावं, तशी ती हालचाल दिसते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला रडू आलं होतं. पाचव्यांदा बघितली तेव्हाही आलं, पण वेगळ्या कारणाने.

म्हणून मी खाली ठेवायचा नाद सोडला. दुपारी बायको झोपते आणि चिरंजीव माझ्या छातीवर. डावा हात त्यांच्याखाली अडकलेला, उजवा मोकळा. फोन टेबलावर, टेबल चार पावलांवर. म्हणजे जवळजवळ दुसऱ्या गावात. मग मी मनातल्या मनात वाक्य करतो. लिहून घ्यायची सोय नसल्याने ते पाठ करावं लागतं. फार लांब झालं की मागचं टोक निसटतं, म्हणून आखूड करतो. विशेषणं पहिल्यांदा गळतात. पूर्वी माझी वाक्यं पोटवाक्यांची वरात घेऊन निघायची आणि अर्ध्या पानाने क्रियापदाला भेटायची. आता एका हाताने उचलता येईल एवढंच वाक्य मी करतो. ते चांगलं असतं का, हे मला अजून कळलेलं नाही. टिकतं मात्र. एक वाक्य मी परवा तीन तास धरून ठेवलं होतं, दोन ढेकरा आणि एक शी पार करून.

रात्रीच्या टिपांचं तेवढं चांगलं चाललेलं नाही. अंगठ्याने फोनवर काहीतरी लिहून ठेवतो आणि सकाळी वाचतो. मागच्या आठवड्यातली एक टीप आहे: ‘निळा. विसरू नकोस. निळा!!’ काय निळा होतं ते आता माझ्या बापालाही सांगता यायचं नाही. बाप मीच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सातव्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसला. झोपेतलं, आपोआप येणारं हसू नव्हे. माझ्याकडे बघून, मला उत्तर म्हणून हसला. जन्मल्या जन्मल्या बाळाला जेमतेम २० ते ३० सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं, म्हणजे कोपराच्या खोबणीपासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर. पहिले कित्येक दिवस त्याच्या जगात माझं टेबल नव्हतं, लॅपटॉप नव्हता, पुस्तकांचं कपाटही नव्हतं. तोंडं होती, दोन. त्यातल्या एकाकडे बघून तो हसला, आणि त्या तोंडाचा मालक काय करत होता? शब्द शोधत होता. आधी डोळे हसले की हनुवटी, याची नोंद घेत होता. ‘उमलणं’ नको, फार वापरलं गेलंय, असा विचार करत होता. शब्द मिळेपर्यंत हसू संपलं. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “काय झालं रे?” मी म्हणालो, “काही नाही.”

जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांचा मुलगा १९६३ मध्ये मेंदूच्या गंभीर व्यंगासह जन्मला. पुढच्याच वर्षी त्यांची अशा बाळाच्या बापावरची कादंबरी आली, आणि त्यानंतर अनेक वर्षं ते त्या मुलाभोवती लिहीत राहिले. त्यांच्यापुढे आपण काय. पण तेही कधीतरी पाळण्याशी वाकून शब्द शोधत उभे राहिले असतील आणि स्वतःवरच चिडले असतील, असं मला वाटतं. दुसऱ्यांदा तो हसला तेव्हा मी ठरवून काहीही शोधलं नाही. त्यामुळे त्याबद्दल इथे लिहायला माझ्याकडे काही नाही.

काल संपादकाचा फोन आला. नवीन कादंबरीचं विचारायला असेल म्हणून मी आधीच म्हणालो, “बाळ झालंय हो.” ते म्हणाले, “अभिनंदन, मागेच केलं होतं.” मग थोडं थांबून, “म्हणजे साधारण कधी?” मी तोंडातल्या तोंडात काहीतरी ऋतू सांगितला. त्यांचं खरं काम दुसरंच होतं. त्या जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे, काही दुरुस्त्या असतील तर आठवड्यात कळवा.

रात्री मी ती काढून बसलो. पान ५७ वर, खिडकीच्या प्रसंगात, पेन्सिलीने दोनच शब्द घातले: ‘बाळ रडलं.’ फार नाही, एकदाच. पण ते रडलं म्हणजे आईला उठावं लागतं. ती उठली की पाऊस बघणं गेलं. पाऊस गेला की तिला तो मित्र आठवत नाही, पत्राचा पुढचा भाग लिहायला तिच्याकडे हातच मोकळा नाही, आणि पत्र पुरं झालं नाही तर नवऱ्याला ते सापडणार कुठून? अबोला कशावरून धरायचा? मुख्य म्हणजे तीन दिवस अबोला धरला तर डायपर संपले हे कोण कुणाला सांगणार?

सकाळी मी फोन केला.

“दुरुस्ती एकच आहे,” मी म्हणालो.

“वा! फारच छान.”

“ती केली की पुढची पंचावन्न पानं जातात.”

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. आतल्या खोलीत चिरंजीव जागे झाले होते.

“थांबा हं,” मी म्हणालो, “जरा एका हाताने बोलतो.”