मऊपणा कुठून आणायचा?

पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यापासून वायरीचं आवरण, नळी किंवा रक्ताची पिशवी करायची तर त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर मुरवावं लागतं. रक्ताच्या पिशवीत ते वजनाच्या 30 ते 40 टक्के असतं! पीव्हीसीच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये ते शिरून बसतं, पण रासायनिक बंधाने जोडलं जात नाही, म्हणून हळूहळू बाहेरही येतं. मी मऊ पीव्हीसीची फॉर्म्युलेशन करते. 'थॅलेट-फ्री' (म्हणजे थॅलेट गटातलं प्लॅस्टिसायझर नसलेलं) या शिक्क्यावर माझं समाधान होत नाही. थॅलेटऐवजी जे घातलं, ते किती बाहेर येईल आणि शरीरात गेल्यावर त्याचं काय होईल, हे मला कळायला हवं.

डीईएचपी हे थॅलेट (आम्ही अजून डीओपीच म्हणतो) आणि त्याऐवजी वापरलं जाणारं डीओटीपी यांचं रेणुसूत्र एकच आहे. बेन्झिनच्या कड्यावर डीईएचपीच्या दोन शाखा शेजारी-शेजारी असतात, डीओटीपीच्या समोरासमोर. शरीरात डीईएचपीची एक शाखा तुटते आणि जो मोनोएस्टर उरतो, तो प्राण्यांवरच्या प्रयोगांत नरांच्या प्रजननसंस्थेला घातक ठरला आहे. डीओटीपीच्या बहुतेक रेणूंच्या दोन्ही शाखा तुटून टेरेथॅलिक आम्ल उरतं. शाखेची जागा बदलली आणि एवढा फरक पडला! म्हणून रोजच्या कामात मी आधी डीओटीपी घेते, मग ते थोडं जास्त घालावं लागलं तरी चालेल.

सोयाबीन तेलापासूनचं ईएसबीओ हे प्लॅस्टिसायझर उष्णतेत पीव्हीसीला सांभाळतं, पण सगळा भार त्याच्यावर टाकला तर पृष्ठभाग चिकट होतो. गरम जागेतल्या वायरींना तीन शाखांचं, जड रेणूचं टीओटीएम. महाग आहे, पण सहसा जागा सोडत नाही.

खरी अडचण रक्ताच्या पिशवीची. तिथे डीईएचपी तांबड्या पेशींच्या आवरणात शिरून त्यांना फुटण्यापासून वाचवतं. त्यामुळे बीटीएचसी किंवा डीआयएनसीएच ही पर्यायी प्लॅस्टिसायझर वापरताना पेशी साठवायचं द्रावणही त्यासोबत तपासावं लागतं. वैद्यकीय साधनांत विशेष परवान्याशिवाय डीईएचपी वापरायची मुदत युरोपीय संघाने 1 जुलै 2030 पर्यंत वाढवली, ती मला पटते. घाईत पेशी फुटल्या तर रुग्णाचंच नुकसान आहे.

नवजात बाळांच्या फीडिंग ट्यूबबाबत मात्र अशी कुठलीही सबब नाही. दुधातल्या स्निग्धांशात डीईएचपी सहज उतरतं, आणि सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनच्या नळ्या प्लॅस्टिसायझर न घालताही मऊ असतात. त्या कामासाठी कोणी पीव्हीसीचं फॉर्म्युलेशन मागितलं तर मी देत नाही, सिलिकोन घ्या म्हणते.